यादी भिंतीवर यायच्या आत

एकोणीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. वर्गात काही फुटलं, सांडलं की माझं एकच वाक्य असे, "ज्याने केलं त्याने उभं राहायचं." मुलं उभी राहायची. मला त्याचा केवढा अभिमान! मग शाळाच बंद पडली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कोडिंगच्या तीन महिन्यांच्या वर्गात जाऊन बसलो. तिथे सगळे मला मास्तर म्हणत. शिकवायला माझ्या मुलीच्या वयाच्या मॅडम.

आमचा तिघांचा गट. नर्सताई दवाखान्यातली पाळी संपवून थेट वर्गाला यायची. दुसरे ट्रकवाले काका. कंबर गेली आणि ट्रक सुटला. ते एका बोटाने टाइप करायचे आणि दर दोन मिनिटांनी विचारायचे, "हे दाबलं तर काही उडणार नाही ना?" दुपारी आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी एकत्र जेवायचो. नर्सताई आधी जाऊन माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवायची, जागा धरायला. शाळा सुटल्यापासून माझ्यासाठी कोणी जागा धरली नव्हती. खोटं कशाला बोलू, कोडिंगपेक्षा मी त्या खुर्चीसाठीच जास्त जायचो.

शुक्रवारी प्रत्येक गटाने आपलं काम दाखवायचं होतं. ज्यांचं चालेल तेच पुढच्या टप्प्यात जाणार. तिघांचं काम एका सामायिक जागी साठवलेलं असतं. आधी इतरांचं उतरवून घ्यायचं, मगच आपलं चढवायचं, असा नियम. सोमवारी मी घाईत होतो. मशिनने दोनदा नकार दिला. मशिनने मला नाही म्हणावं? तिसऱ्यांदा मी जबरदस्तीची आज्ञा दिली आणि माझं काम चढलं. त्याखाली नर्सताईचं चार दिवसांचं काम पुसलं गेलं. तिने विश्वासाने तीच नवी प्रत आपल्या मशिनवर उतरवून घेतली, तेव्हा तिथलंही गेलं.

"काका, काय दाबलंत तुम्ही?" ती रडवेली होऊन म्हणाली.

काकांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "माझ्याच हातून झालं असेल, ताई."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

त्या दुपारी तिची पिशवी काकांच्या खुर्चीवर होती आणि काका आले तरी ती उचलली गेली नाही. काका डबा घेऊन जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. माझी खुर्ची मोकळी होती. मी बसलो. जेवलोही.

मंगळवारी, बुधवारी मी नर्सताईला ते काम पुन्हा लिहायला मदत केली. "मास्तर, तुम्ही आहात म्हणून बरं," ती म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी म्हणालो, "त्यात काय एवढं!"

गुरुवारी मॅडम रजेवरून परतल्या. सगळं ऐकून हसल्याच. "अहो, इथे काही कायमचं हरवत नाही. कोणी, कधी, काय चढवलं, त्याची नावानिशी नोंद राहते. थांबा, भिंतीवरच दाखवते." आणि त्या प्रोजेक्टरची वायर जोडू लागल्या.

तेवढ्यात शेजारून काका कुजबुजले, "मास्तर, उभे राहा. यादी यायच्या आत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारीच बघितलं. माझं नाव शोधायला गेलो, तर तुमचं सापडलं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, मास्तर आहेत. आज ना उद्या स्वतःच सांगतील."

मी उठलो. उठेपर्यंत भिंतीवर उजेड पडला आणि सोमवारच्या ओळीपुढे माझं नाव आलं. मी यादीच्या आधी उभा राहिलो की नंतर, ते वर्गात कोणाला कळलंही नसेल. मला कळलं. "मी केलं ते," एवढंच मला म्हणता आलं. नर्सताई माझ्याकडे बघत राहिली. तिचं काम मॅडमनी दहा मिनिटांत परत आणलं.

दुपारी मी डबा घेऊन सरळ जिना गाठला. काका कमरेवर हात ठेवून हळूहळू आले.

"उठा मास्तर, ही पायरी माझी आहे."

"काका, राहू द्या मला इथेच."

"ताईने पिशवी उचललीय. दोन खुर्च्या मोकळ्या आहेत. रागावलीय चांगलीच, पण उचललीय."

मी त्यांच्यामागून आत गेलो आणि माझ्या खुर्चीमागे तसाच उभा राहिलो. नर्सताईने डब्यातून मान वर केली नाही.

"बसा आता," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत मी कितीतरी मुलांना उभं केलं होतं. ती तास संपेपर्यंत तशीच उभी असायची.