सामन्याआधीची बातमी

शहाद्याच्या त्या शाळेत लिहिणाऱ्या मुलांचे दोन गट होते आणि त्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे. एक गट दर सोमवारी ‘तापीकाठ’ नावाचं भित्तिपत्रक काढी. दुसरा वर्षातून एकदा कथा-कवितांचं हस्तलिखित. दहावीतली लायबा भित्तिपत्रकाची संपादक. बाजारात तिच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान, आणि पोरगी अशी, की बातमीत एक टाका उसवलेला तिला चालायचा नाही. हस्तलिखितवाल्यांना ती तोंडावर ‘थापाडे’ म्हणे. त्यांचा संपादक, ब्राह्मणपुरीचा हेमकांत, नुसता हसे. त्या हसण्याचा तिला फार राग येई.

तर त्या रविवारी नंदुरबारला मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना होता. शाळेच्या संघाची कर्णधार काजल, कळसाडीची, लायबाची जिवाभावाची मैत्रीण. पंचाईत अशी, की भित्तिपत्रक हाताने लिहायचं आणि तेही शनिवारी. शाळा सुटताना ते काचेच्या पेटीत लावून कुलूप घालायचं आणि किल्ली कामिनी मॅडमकडे द्यायची, हा तिथला रिवाज. मॅडमनी बजावलं होतं, "निकालाची जागा कोरी ठेव. सोमवारी भरू."

लायबा "हो मॅडम" म्हणाली आणि त्या कोऱ्या जागेकडे बघत बसली. ऐन मध्यभागी एवढं मोठं भगदाड? आणि काजल हरणार थोडीच! वर्षभरात हा संघ एकदाही हरला नव्हता. मधल्या सुट्टीत लाल शाई घेऊन तिने लिहूनच टाकलं: ‘शहाद्याच्या मुलींची बाजी! शेवटच्या पाळीत काजलने तिघींना बाद करून विजय खेचून आणला.’ शेजारी चषकही काढला, चांगला गलेलठ्ठ. मग कुलूप लावून किल्ली दिली. "जागा ठेवलीस ना?" मॅडमनी घाईत विचारलं. लायबाने मान हलवली. मॅडम तिथूनच धुळ्याला लग्नाला गेल्या.

पुढे काय झालं हे सांगायला ज्योतिषी नको. संघ एका गुणाने हरला. शेवटच्या पाळीत खांबाशी वळताना नेमकी काजलच पडली. रविवारी संध्याकाळी लायबाला हे कळलं. बोलणी बसतील, संपादकपद जाईल, ते जाऊ दे. पण काजल हे वाचेल. तिला वाटेल, लायबानेच आपली टिंगल केली. फोन लावून पाहिला, तर तो बंद.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी शाळेत पोचली. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये आणि मॅडम अजून धुळ्यातच. शेवटी तिने जुनं वर्तमानपत्र काचेवर चिकटवायला घेतलं. तेवढ्यात मागून हेमकांतचा आवाज आला.

"आम्ही थापाडे ना? आनि तू व?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून त्याने कागदाचं दुसरं टोक धरलं. पण उशीर झाला होता. कळसाडीची बस आली होती आणि गुडघ्याला पट्टी बांधलेली काजल लंगडत थेट पेटीपाशी येऊन उभी राहिली.

"काय झाकी ऱ्हायनी?"

"काही नही."

काजलने कागद ओढून काढला आणि बातमी वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लायबाला वाटलं, ही ओरडेल, एक ठेवूनही देईल. तेही चाललं असतं.

"हाई तू कव्हय लिखं?"

"शनवारले. माले वाटनं, तू जिकशीच. मन्ही चुकी शे, काजल."

काजलने काचेवर बोट ठेवलं. "काल गाडीमा कोनी मन्हासंगे बोलनं नही," ती म्हणाली. "आनि आठे मी तिघीस्ले बाद करी ऱ्हायनी!" तिला एकदम हसू फुटलं, नाक ओढत ओढत. "हाई फाडू नको. मॅडम पेटी उघाडतीन तव्हय माले दे."

दुपारी मॅडम आल्या. लायबाने आपण मान हलवली ती खोटी, हे आधी सांगितलं. मॅडम चांगल्याच रागावल्या आणि तिच्याच हातून नवा मजकूर लिहून घेतला: ‘आपला संघ एका गुणाने हरला. सामना होण्याआधीच बातमी लिहिण्याची चूक संपादकाने केली.’ लिहिताना तिचे कान तापले होते, पण पेटी बंद झाल्यावर जरा हलकं वाटलं.

जुना कागद काजलच्या हातात होता. हेमकांत तिथेच घुटमळत होता. "मॅडम, बातमी म्हणून हे खोटं आहे," तो म्हणाला, "पण गोष्ट म्हणून आमच्या अंकात चालेल."

एरवी लायबा त्याच्या अंगावर धावून गेली असती. आज ती एवढंच म्हणाली, "तिले इचार."

काजलने कागद पुन्हा वाचला. "टाका. पन मी पडनी, तेबी टाका. पडीसन उठनी आनि मंग जिकनी, असं लिख."

लायबा तिच्याशेजारी पायरीवर बसली. पेनाचं टोपण काढून लिहिणार, तोच तिचा हात थांबला.

"कसी पडनी तू?" तिने विचारलं. "पयलेपासून सांग. मी लिखस."

काजलने दुखरा पाय लांब केला आणि सांगायला सुरुवात केली. कालपासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.