फुलकिड्यांचा विग्रह

घरात त्यांना पाठीमागे सगळे ‘लाल पेन्सिल’ म्हणायचे आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले, पण खिशातली पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. दवाखान्यातल्या पाट्या, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, लेकीचे निरोप, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. लग्नानंतरच्या वर्षांत बायको माहेराहून पत्र पाठवायची, तर उत्तराच्या पाकिटात तिचंच पत्र दुरुस्त होऊन परत जायचं. दोन-तीन वर्षांनी तिने लिहिणं सोडलं. फोन आला म्हणून असेल, असं ते धरून चालले.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती पाच आठवडे गेली तेव्हा फ्रिजवर भलीमोठी चिठ्ठी लावून गेली. चिठ्ठी तिच्या अकरा कुंड्यांबद्दल होती. अकराही होस्टा. होस्टा म्हणजे सावलीत राहणारं, रुंद पानांचं झाड. पानं हाच त्याचा संसार, फूल आपलं नावाला. फक्त एकाचं तसं नव्हतं. निळ्या कुंडीतल्या होस्टाला पांढरं, सुवासिक फूल येतं म्हणे, पण चार वर्षं झाली तरी त्याने एक कळी दाखवली नव्हती. यंदा त्याच्या पोटातून फुलाचा दांडा वर येत होता.

“एवढं सांभाळा हो,” दारात उभं राहून तिने दोनदा सांगितलं. “मी येईन तेव्हा उमलायला आलेलं असेल. बाकी सगळं चिठ्ठीत आहे.”

तिची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत त्यांनी चिठ्ठी खाली काढली होती. सात चुका निघाल्या. त्या लाल करून त्यांनी चिठ्ठी पुन्हा चुंबकाखाली लावली आणि समाधानाने चहा ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात पानांवर चांदीसारख्या रेघा उमटल्या. जवळ जाऊन बघतात तर रेघांच्या आजूबाजूला काळी टिंबं. टिंब म्हटल्यावर गृहस्थांना चेव आला. ओल्या फडक्याने एकेक पान पुसून त्यांनी सगळा अतिरिक्त मजकूर गाळून टाकला. दुसऱ्या दिवशी टिंबं हजर. तिसऱ्या दिवशी जास्त. साबणाचं पाणी मारलं, कुंड्यांच्या जागा बदलल्या, पानं पुसून पुसून मनगट धरलं. छत्तीस वर्षांत एकदा काढलेलं टिंब पुन्हा उगवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. या झाडांनी त्यांच्या अगदी नाकी नऊ आणले.

शेवटी मान खाली घालून त्यांनी रोपवाटिकेत फोन लावला. तिथली बाई बायकोच्या ओळखीची होती, निळ्या कुंडीतलं झाड तिच्याकडचंच.

“फुलकिडे आहेत ते, काका,” ती म्हणाली. “आधी असं करा...”

“फुलकिडे. कळलं,” म्हणत त्यांनी फोन ठेवूनच दिला. शब्द हाती लागला की पुढचं ऐकायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. उभ्या उभ्या त्यांनी शब्दाचा विग्रह केला: फुलांचे किडे, षष्ठी तत्पुरुष. म्हणजे किड्यांचं घर फुलात. पानांवर नुसती ये-जा. आणि आपण खुळ्यासारखे पानं पुसत बसलो.

कात्री घेऊन ते गॅलरीत गेले. दहा कुंड्यांचे दांडे उडवायला पाच मिनिटं लागली. निळ्या कुंडीपाशी मात्र हात थबकला. दांडा वीतभर वर आला होता, मिटलेल्या कळ्यांच्या टोकाला जरासा पांढरेपणा दिसत होता. हा एक ठेवला तर सगळे किडे इथेच गोळा होणार आणि अकराच्या अकरा झाडं जाणार, असं त्यांनी स्वतःला बजावलं. फूल काय, पुढच्या वर्षीही येईल. त्यांनी डोळे बारीक करून दांडा बुडापासून कापला. अवघड निर्णय घेतल्याचा थोडा अभिमानही वाटला.

चार दिवसांत रेघा दुप्पट झाल्या.

तेव्हा मात्र ते एक पान पिशवीत घालून स्वतःच रोपवाटिकेत गेले. बाईने एक पांढरा कागद घेतला आणि त्यावर पान झटकलं. कागदावर बारीक पिवळसर टिंबं पडली. त्यांनी चष्मा सावरला, आणि टिंबं चालायला लागली.

“हे किडे. काळे ठिपके म्हणजे त्यांची घाण,” बाई म्हणाली. “तुम्ही घाणच पुसत होतात. हे कोवळ्या पानांच्या सुरळीत लपतात.”

“पण फुलकिडे ना?” त्यांनी विचारलं. “मी सगळे दांडे कापले.”

“निळ्या कुंडीतलाही?”

ते रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. बाईने कपाळावर हात मारला.

“अहो काका, नाव फुलाचं असलं म्हणून काय झालं? उमललेल्या फुलात जातातही, पण तुमच्या तर कळ्याच होत्या.”

घरी येताना त्यांना सगळ्यांचा राग आला. किड्यांचा, बाईचा, ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याचा. उरलेला सगळा राग स्वतःवर निघाला. आल्या आल्या त्यांनी कचऱ्याचा डबा उघडून बघितला. डबा कधीच रिकामा झालेला होता.

शनिवारी बायको आली ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता गॅलरीत गेली. निळ्या कुंडीत दांड्याचा सुकलेला खुंट होता. त्यांनी मागे उभं राहून विग्रह सांगितला, षष्ठी तत्पुरुषासकट. सांगताना तो त्यांनाच केविलवाणा वाटला.

ती आत गेली आणि फ्रिजवरची चिठ्ठी घेऊन आली.

“खालून तिसरी ओळ,” ती म्हणाली. “मोठ्याने.”

त्यांनी चष्मा लावला. “पानांवर चंदेरी रेघा दिसल्या तर फुलकिडे समजा. ते गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत असतात. तेवढी पानं काढा, दांड्याला हात लावू नका.”

‘गुंडाळलेल्या’वरचं टिंब लाल होतं. तिने ते दिलंच नव्हतं, त्यांनी दिलं होतं.

“आता शेवटची.”

“फूल संध्याकाळी उघडतं. गॅलरीत दोन खुर्च्या ठेवा.” इथे तिने ‘खूर्च्या’ लिहिलं होतं. दीर्घ ऊकार खोडून त्यांनी तो नीट ऱ्हस्व केला होता.

“तपासलीत,” ती म्हणाली. “वाचली नाहीत.”

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि त्यामुळे त्यांना जास्त लागलं. ती कुंडीपाशी बसली आणि एक कोवळी सुरळी अंगठ्याने उलगडून आत बघू लागली. त्यांनी आतून एक खुर्ची आणली, मग दुसरी आणली. ती बसली नाही. तेही बसले नाहीत.

“तुझी ती माहेरची पत्रं,” त्यांनी चाचरत विचारलं, “आहेत का गं अजून?”

“आहेत की,” पानावरची नजर न काढता ती म्हणाली. “सगळी शुद्ध आहेत.”