डाव्या पंखाखालचा धागा

विश्वकर्मा पूजेचा नारळ यंदा नूतनच्या हातात गेला आणि उमेंद्रच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

गोंदियाजवळच्या त्या विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत उमेंद्र पहिल्यापासूनचा मेकॅनिक. दरवर्षी हँगरमधल्या विमानांना टिळा तो लावायचा, नारळ तो फोडायचा आणि पहिला पेढाही त्यालाच मिळायचा. यंदा शाळेचे मॅनेजर टेकचंद साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "इस बार मॅडम करेंगी." मॅडम म्हणजे ही नूतन. उमेंद्रच्या पोरीच्या वयाची, पण खिशात इंजिनिअरचं लायसन. विमान उडायला लायक आहे, अशी सही करण्याचा हक्क तिचा. उमेंद्रनं आपले पाने फिरवायचे. बरं, नागपूर-मुंबईची असती तर त्यानं एक वेळ सोसलंही असतं. ही सौंदडच्या धानवाल्याची पोरगी! परवापर्यंत धानाच्या बांधीत रोवणी करत होती, आणि आज त्याला सांगणार की बोल्ट किती आवळायचा.

आरती झाली, मंडळी प्रसादाला वळली, तसा उमेंद्र सगळ्यात जुन्या विमानाकडे गेला. समोरच्या पंख्यावर नूतनचं कुंकू लागलेलं. त्याच्यावर आपलं बोट ओढणं त्याला कमीपणाचं वाटलं. मग तो डाव्या पंखाखाली वाकला. तिथं इंधनाच्या टाकीत हवा जाण्यासाठी एक बोटभर नळी बाहेर आलेली असते. धागा बांधायला तेवढीच जागा होती. त्यानं पूजेचा लाल धागा त्या नळीला चांगले वेढे देऊन बांधला, टोकं लोंबती सोडली. "विमान माहं आहे," तो पुटपुटला, तेव्हा कुठे त्याला पेढा गोड लागला.

त्यानंतर त्या विमानाला खोड लागली. टीना नावाची विद्यार्थिनी ते घेऊन वर गेली आणि परत आली ती घाबरीघुबरी होऊन. इंधनाच्या दाबाचा काटा वर असताना खाली पडला होता. तिनं शिकवल्याप्रमाणे विजेवरचा जादा पंप सुरू केला, दुसऱ्या पंखातली टाकी लावली, आणि काटा जागेवर आला. खाली आणून इंजिन चालवून पाहिलं, तर सगळं ठणठणीत. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

जादा पंप लावला की काटा सुधारतो, म्हणजे इंजिनाचाच पंप कमजोर, असं नूतननं ठरवलं. गाळणी साफ केली, नळ्यांचे जोड तपासले, शेवटी पंपच नवा बसवला आणि सही केली. उमेंद्र शेजारी उभा राहून पाने देत होता आणि मनातल्या मनात देवाला आळवत होता. देवानं ऐकलं. नव्या पंपावरही काटा पडला.

टेकचंद साहेब भडकले. "मॅडम, आज शाम तक फॉल्ट नहीं मिला, तो कल नागपूर से दूसरा इंजिनिअर आएगा. फिर आप अपना देख लेना."

उमेंद्र दुपारी डबा विसरल्याचं निमित्त करून कुडव्याला घरी आला. त्याला ही गोष्ट कुणाला तरी सांगायचीच होती.

"काऊन जी, आज लय खुश दिसून राहिले?" मंजूनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"मॅडमचा पंप फेल झाला. आता जाते ते सौंदडले वापस."

"मंग त्यात तुमाले का भेटलं?"

"तुले नाही समजत त्यातलं."

"समजते ना. त्या पोट्टीनं तुमचा नारळ फोडला, हे समजते." मंजूनं डबा त्याच्या हातात कोंबला. उमेंद्रनं गाडीला अशी किक मारली की शेजारचं कुत्रं उठून पळालं.

तो परतला तेव्हा नूतन विमानाजवळ टीनाशी बोलत होती. "काटा पडला तेव्हा टाकी कोणती होती?"

"दर वेळी डावी, मॅडम."

नूतननं डाव्या पंखाकडे पाहिलं. मग उमेंद्रला म्हणाली, "काका, इंजिन चालू करू. पण आज टाकीचं झाकण खोलू नका."

उमेंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टाकी उघडून आत डोकावल्याशिवाय त्यानं आजवर एकही इंजिन चालवलं नव्हतं. तरी झाकण तसंच ठेवून तो बाजूला झाला. डाव्या टाकीवर इंजिन सुरू झालं, बराच वेळ चाललं, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काटा हळूहळू खाली आला. इंजिन बंद करून नूतन पंखावर चढली, झाकण फिरवलं. टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली.

तो आवाज ऐकला आणि उमेंद्रला सगळं उमगलं. टाकीला बाहेरून हवा मिळत नव्हती. इंधन संपेल तशी आत पोकळी होत होती आणि पंप बिचारा ओढून ओढून थकत होता. आणि तो दर वेळी आधी झाकण उघडून तिला हवा देत होता, म्हणून खाली कधी काही सापडत नव्हतं.

तो पंखाखाली वाकला. लाल धाग्याची फुगलेली टोकं नळीच्या तोंडात ओढली गेली होती. नूतन अजून वर होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, धागा तोडला आणि मुठीत दाबला. आता नळी मोकळी. आता खोड कधीच दिसणार नाही आणि चुकीच्या पंपावर सही केल्याचा तिचा डागही कधी धुऊन निघणार नाही.

नूतन उतरली, टेकचंद साहेबही आले. ती सरळ खाली वाकली. "काका, इथचा धागा?"

"कोनता धागा?"

"तुमी बांधलेला. मी रोज पाहत होती. टीनाही पाहे, पाया पडे." तिचा आवाज खाली आला. "पूजेचा धागा, त्यात तुमच्या हातचा. काढला तं तुमाले वाईट वाटन, म्हणून हात नाही लावला मी." मग ती साहेबांकडे वळली. "सर, हवेची नळी बंद झाली होती. मी पाहूनही सोडली. गलती माझी आहे."

उमेंद्रच्या डोक्यात सणक गेली. नारळ हिनं घेतला, सही हिची, साहेब हिचे, आणि आता त्याच्या हातून जे घडलं तेही ही चार लोकांत आपल्या नावावर घेऊन मोठी होणार!

"तिची काऊन?" तो ओरडला. "गलती माही आहे! धागा म्या बांधला!" आणि त्यानं मूठ उघडून सगळ्यांसमोर धरली.

टेकचंद साहेब एकदा धाग्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिले. टीना दोन पावलं मागं सरकली. याच विमानातून ती वर गेली होती.

"बरं काका, तुमची," नूतन हळूच म्हणाली.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच उमेंद्रनं तिच्याकडून काही हिसकावून घेतलं होतं, आणि ते त्याला हातात धरवेना.