चाखणाऱ्या वस्तादाची दाढ

मी एक जुनी दाढ आहे. मालक सहा वर्षांचा असताना मी त्याच्या तोंडात आले आणि सेहेचाळीस वर्षं एकही रजा न घेता दळते आहे. शाळेत दात तपासायला आलेले डॉक्टर माझ्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "वा, काय भक्कम दाढ!" त्यानंतर माझ्याबद्दल कुणी चांगला शब्द काढला असेल तर मला दाखवा.

मालक बेकरीत केक करतो. सगळे त्याला वस्ताद म्हणतात. मी म्हणत नाही. मित्रांनो, चाळिशीत त्याला मधुमेह झाला. गोळ्या आल्या, त्या कपाटावरच राहिल्या. "मी गोडाला शिवत नाही," असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि त्याला ते खरंच वाटायचं. कारण पाक आणि क्रीम तो खात नसे, चाखत असे. दिवसातून चाळीस वेळा! चमचा माझ्या अंगावरूनच जायचा.

हिरड्या सुजल्या. ब्रश लाल होऊ लागला. तर या शहाण्याने ब्रशच सोडला. म्हणे, "ब्रशनं रक्त येतं." मग मुळाशी पू धरला. माझी मागची शेजारीण, सख्खी जाऊच म्हणा, एका दुपारी पावाच्या घासाबरोबर निघून आली. त्याने तिला कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा पाक चाखला. निर्लज्ज!

मीही हलू लागले. ठणका उठला तेव्हा तो बायकोला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"ही उपटा."

"साखर किती आहे?" बाईंनी विचारलं.

"मी दात दाखवायला आलोय, रक्त नाही."

"एकाच अंगात आहेत ना दोन्ही? गोड खाता?"

"शिवत नाही."

"शिवत नाहीत हो, नुसतं चाखतात," बायको म्हणाली. "रोज दोन वाट्या पाक चाखून संपतो."

"चाखणं म्हणजे खाणं का गं?"

"मग काय थुंकता?"

वस्तादाने सुईसाठी बोट पुढे केलं.

तपासलं तर साखर साडेतीनशे. बाई म्हणाल्या, "आत्ता काढली तर जखम भरायची नाही. साखर वाढली की हिरडी बिघडते आणि हिरडी बिघडली की साखर आणखी चढते. आधी साखर खाली आणा, मग बघू." त्यांनी हिरड्या साफ केल्या, औषध दिलं.

औषधाने ठणका थांबला, त्याचा राग थांबला नाही. मला हाकलायचं म्हणून हा माणूस वेळेवर गोळ्या घेऊ लागला. दोन वेळा दात घासू लागला. चाखायचं काम त्याने बायकोकडे दिलं. जन्मभर जी निगा मला मिळाली नाही, ती माझ्या मरणाच्या तयारीला मिळाली!

तीन महिन्यांनी बाईंनी मला चिमट्यात धरून हलवलं. साखर खाली आली होती, सूजही उतरली होती. मी जागची हलले नाही.

"ही राहील," त्या म्हणाल्या. "पण साखर अशीच ठेवलीत तर."

"राहणार असेल तर मग गोळ्या बंद करू?"

बायकोने कपाळावर हात मारला.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना बजावा. हिरडीतून रक्त आलं तर ब्रशवर रुसू नका, साखर तपासा. मधुमेह असेल तर दातही दाखवा. माझी जाऊ काही परत यायची नाही. मी मात्र इथेच आहे, त्याच्यावर दात धरून. पुन्हा चमचा तोंडात घातलाच, तर जीभ माझ्या शेजारीच आहे. चावीन.