अक्षाला न टेकणारा हात

पोरं त्यांना हातवाले सर म्हणायची. फळ्यावर काढण्याआधी प्रत्येक आलेख सर अंगाने करून दाखवत. दोन्ही हात वर उचलले की एक्सचा वर्ग, म्हणजे पॅराबोला. एक वर, एक खाली की घन. मग लकवा आला आणि उजवा हात बधिर होऊन ओल्या टॉवेलसारखा लोंबू लागला. बायको त्याआधीच गेली होती. हात गेल्याचं सांगायलाही घरात कुणी नव्हतं.

आज क्लासच्या मालकाने त्यांना एक तास दिला होता. जमलं तर वर्ग सरांचा, नाहीतर भिंतीवरच्या डिजिटल पडद्याचा. मालक याच सरांकडे शिकून मोठा झालेला. पण म्हणाला, "या काका, सावकाश."

काका! लकवा हाताला झाला होता, आणि या पठ्ठ्याने 'सर'च कापून टाकलं.

सरांनी डावा हात उचलला. "ओळखा."

"अर्धा पॅराबोला!" मागच्या बाकावरची एक टवाळ पोरगी ओरडली. "उरलेला उद्या का, सर?"

हशा पिकला. कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला मालकही हसला. सरांची कानशिलं तापली. ते उलटे चालत दाराशी गेले, लोंबता हात चौकटीलगत सोडला आणि डावा बाजूला पसरून हळूहळू वर नेला.

"ही चौकट म्हणजे उभा अक्ष. आता बोला, दीडशहाण्यांनो! इकडून खोल खोल बुडतोय, अक्षाला खेटायला बघतोय, पण जन्मात टेकत नाही. तिकडून चढतोय, पण गोगलगायीसारखा."

तीच पोरगी उभी राहिली. "लॉग! सर, लॉग एक्स!"

दोन्ही हात धडधाकट असताना सरांना हा आलेख इतका नेमका कधीच जमला नव्हता.

तास संपल्यावर बाहेर मालक म्हणाला, "झकास, काका. पण एका आलेखावर वर्ष कसं निघणार? पडद्याला सगळेच येतात."

"पडद्याला येतात रे. पोरांना येणार का?"

"तब्येतीला जपा, काका."

असल्यांच्यात तोंडावर हाकलायचीही धमक नसते. काळजी करत करत दार लावून घेतात.

घरी सदरा काढताना सरांना उजव्या बाहीवर रक्त दिसलं. चौकटीच्या खिळ्याने मनगट सोललं होतं. हात टेकला होता, चांगला घासला होता. त्यांनाच कळलं नव्हतं.

"टेकला होता की," ते रिकाम्या खोलीला म्हणाले, आणि पट्टीचं टोक दातात धरून एका हाताने गाठ मारू लागले.