बंद दाराचा खेळ

धुलाई-कारखान्याला आग लागून चार महिने झाले होते. दोघी त्यात गेल्या, आणि वाचलेल्या अकरा जणींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकदा डबा खाताना विषय निघाला, तेव्हा कळलं की सगळ्यांना स्वप्न एकच पडतंय: धूर, आणि न उघडणारं मागचं दार.

त्यांच्यातल्याच इस्त्रीवाल्या वहिनींचे वडील जादूचे खेळ करायचे. लहानपणी पेटीतून गायब व्हायचं काम वहिनींकडे असे. "स्वप्नाचाच खेळ करू," त्या म्हणाल्या. "घडलं तिथेच, भर दुपारी."

"खूळ लागलंय तुला," नणंद म्हणाली. मॅनेजरने तर ऐकूनच घेतलं नाही. वहिनी आठ दिवस रोज त्याच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी कंटाळून त्याने रविवार दिला.

मग त्या वॉचमनकाकांच्या घरी गेल्या. मागच्या दाराला कुलूप लावणारे हेच. आगीनंतर त्यांच्याशी कुणी एक शब्दही बोललं नव्हतं.

"कुठल्या तोंडाने येऊ?"

"आहे त्याच तोंडाने या."

रविवारी वहिनींनी हॉलच्या मधोमध एक सुटं दार उभं केलं. त्याची छुपी कडी मागच्या बाजूला होती, आणि तिथे त्या स्वतः थांबल्या. एकेकीने पांढरी चादर पांघरायची, स्वप्न मोठ्याने सांगायचं आणि दाराला हात लावायचा. बाकीच्या पाय आपटून ताल धरत. मग वहिनी मागून कडी काढत आणि दार जणू आपसूक उघडे. कुणी रडत बाहेर पडली, कुणी चक्क हसत.

काका पुढे आले तसा ताल थांबला. गेलेल्या एकीची धाकटी बहीण अकरा जणींतच होती; ती ताडकन उठली. "ह्यांना कुणी बोलावलं?"

"मी. आणि कडीवर आता तू ये," वहिनी म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

काकांनी चादर घेतली. "साहेबांनी सांगितलं होतं, पण कुलूप लावलं मी," ते म्हणाले. "स्वप्नात किल्ली शोधत असतो. सापडत नाही." त्यांनी दाराला हात लावला.

बहीण दारामागे जाऊन कडी धरून उभी राहिली.

"माफ नाही केलं मी तुम्हाला," ती अखेर म्हणाली. "पण बाहेर या." तिने कडी काढली. कोपऱ्यातून कुणीतरी पाय आपटला, मग सगळ्यांनीच.

सगळ्यांना लगेच झोप लागली असं नाही. दोघी अजूनही दचकून उठतात. पण त्या आठवड्यात बहीण सहा तास सलग झोपली, आणि मग स्वतःहून वहिनींकडे आली. "शेजारच्या शिलाईवाल्या बायकाही त्या दिवशी धुरात होत्या," ती म्हणाली. "त्यांना कधी बोलवायचं?"