बहाद्दराची झूल

चित्रांच्या पुस्तकातला तो परदेशी बहाद्दर पुंजारामाने जालन्याच्या बाजारात पाहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. विजारीवरून चड्डी घालणारा, पाठीवर पोळ्याच्या बैलासारखी लाल झूल बांधून आभाळातून उडणारा गडी. पुंजाराम वाड्यात गाण्या-सोंगांचा जलसा करायचा, त्यात त्याने या बहाद्दराला थेट घेतलं. कांताबाईने स्वतःचं लाल लुगडं फाडून नवऱ्याला झूल शिवून दिली. जलशातला हा बहाद्दर एका हाताने डोंगर उचलायचा आणि तहान लागली म्हणून गावात उतरायचा. विहिरीवर पहिला सवाल यायचा, "जात कोणती?" की याचे पाय लटपटायला लागत. सगळा बौद्धवाडा पोट धरून हसायचा. कांताबाईही हसायची. तेव्हा वाड्याच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून हसू येत होतं.

बहात्तरच्या दुष्काळाने ते पार वाळवून टाकलं. केदारखेड्याच्या पलीकडचं गाव. नाव घेऊन काय करायचं. बौद्धवाड्याची विहीर चैतातच आटली. सरकारी टँकर यायचा, तो गावच्या विहिरीत पाणी ओतून जायचा. तिथल्या दोराला बौद्धवाड्याने हात लावायचा नाही. कोणाला दया आली आणि त्याने वरून ओतलं तर घागर भरायची, नाहीतर उन्हात बसून राहायचं. त्यातच लेक बेबीनंदा बाळंतपणाला आलेली. बाळंतिणीला ताप भरला, ओठ फुटले, आणि घरात तांब्याभर पाणी नव्हतं.

"झूल कुठंय?" पुंजारामाने विचारलं.

कांताबाईला वाटलं, उन्हाने याचं डोकं गेलं. पण गावात एक जुनी रीत होती. आखाडीच्या उत्सवात निघणाऱ्या सोंगांना कोणी अडवायचं नाही. सोंग अंगावर आहे तोवर त्याची जात विचारायची नाही. पुंजाराम झूल बांधून, विजारीवर चड्डी चढवून विहिरीवर गेला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. विहीर आपल्या आज्याने खोदली या तोऱ्यात रोज काठावर बसणारा कारभारी म्हणाला, "सोंग हाय. भरू द्या." त्याच दोराने, त्याच पाण्यातून मागाहून गावानेही घागरी नेल्या आणि कोणाला काही झालं नाही.

मग ते रोजचंच झालं. पण कारभाऱ्याला फुकटच्या तमाशाची चटक लागली. "नुसतं भरून काय? उडून दाखव." पुंजाराम काठावरून उडी मारायचा, धुळीत आपटायचा, उठून दात काढायचा. एका सकाळी तो उठलाच नाही. पाय घोट्यात मोडला होता. लोक तेव्हाही हसले, कारण जलशात बहाद्दर असाच पडायचा. कांताबाईने त्याला खांदा देऊन घरी आणलं. तिला नवऱ्याची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी झूल तिने स्वतः बांधली. विहिरीवर हशा पिकला.

"उड की मंग," कारभारी म्हणाला.

"उडणारा घरी पाय मोडून पडलाय," ती म्हणाली. "मी कांताबाई हाय. पोरगी तापानं फणफणून राह्यली, तिला पाणी न्यायला आले."

तिने गाठ सोडली, झूल नीट घडी करून काठावर ठेवली आणि दोर हातात घेतला.

कोणी पुढे आलं नाही. तिला ओढायचं तर तिला शिवावं लागलं असतं. तिच्या दोन घागरी भरेपर्यंत नुसता रहाटाचा आवाज येत होता. मग कारभाऱ्याने आपल्याच सुनेची भरलेली घागर लाथाडली. "विहीर बाटली. कोणी प्यायचं न्हाई." बायांनी एकेक घागर मातीत ओतली. कारभाऱ्याची म्हातारी आई गोजरबाई आपली घागर पोटाशी धरून बराच वेळ उभी राहिली, मग तिनेही ओतली. माती ते पाणी बघता बघता पिऊन गेली.

कांताबाई निघाली तसा मागून दगड आला. डोक्यावरची घागर फुटली, कमरेवरची वाचली.

बेबीनंदा घटाघटा प्याली. पुंजारामाने खाटेवरून बायकोच्या डोक्याकडे पाहिलं. पाण्यात रक्त मिसळून मानेवर उतरत होतं.

"झूल?" तो म्हणाला.

"विहिरीवरच ठेवून आले," कांताबाई म्हणाली. "उद्या त्यास्नी तहान लागंल. ते पाणी प्यायला आता त्यास्नीच सोंग घ्यावं लागंल."